अयूबभाऊंची मिटलेली दोन बोटं

भद्रावतीत मटण घ्यायचं तर अयूबभाऊंकडे, हे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत बदली होऊन आलेल्या नव्या माणसालाही दुसऱ्या रविवारपर्यंत कळतं. पहिल्या रविवारी तो चुकतो, भलतीकडे जातो, घरी बायकोची बोलणी खातो. मग शेजारचा कोणीतरी सांगतो, "अरे बाप्पा, अयूबभाऊकडे काऊन नाई गेले?"

कारण एकच, झिल्ली. मांसावर तो पांढुरका, चकाकणारा पातळ पडदा असतो ना, त्याला आमच्याकडे झिल्ली म्हणतात. ती राहिली की तुकडा शिजताना आकसतो आणि खाणाऱ्याचे दात दुखतात. बाकीचे खाटीक ती खरवडतात, अर्धी ठेवतात, वर मांसाचा लचका घालवतात. अयूबभाऊ सुरीचं टोक एका कडेला घालत, सुटलेली कड बोटांत धरत आणि सर्रकन ओढत. अख्ख्या मांडीची झिल्ली एका ओढीत निघे, आणि ती उजेडात धरली तर पलीकडचा पंखा दिसे. गिऱ्हाईक "वा" म्हणालं नाही तर भाऊंना राग येई. हो, येई! कलाकार माणूस, त्याला काय तुमच्या किलोभर मटणाची पडलेली असते?

आणि बोलायची भारी हौस. रांगेत दहा माणसं उभी असताना हे सुरू व्हायचे, "लोक समजते, जनावर म्हणजे मांस अन् हाडं. अरे, मांस-हाडं तर पोत्यातही भरता येते. मग पोतं काऊन चालत नाई? एकेका मांसाले आपली आपली झिल्ली हाय. त्यानं ते बाजूच्या मांसावर घसरते, घासत नाई. अन् पुढी जाऊन हेच पडदे एक होते, दोरी बनते, हाडाले जाऊन बांधते. जनावर उभं कोण ठेवते? हे ठेवते. अन् तुमी म्हणता, भाऊ, हे फेकून द्या."

"भाऊ, फेका अन् किलोभर द्या, शाळा मंग भरवा," मागून कोणीतरी म्हणे. सगळे हसत. भाऊही हसत, पण सुरी थांबवून.

ही शाळा खरोखर शिकली ती एकटी निशात, त्यांची मुलगी. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती दुकानातल्या स्टुलावर येऊन बसायची. अम्मी ओरडायची, मुलीच्या जातीला ही काय आवड. पण भाऊ तिला बोकडाचा पाय हातात देत. "खुराजवळची ही पांढरी दोरी ओढ. पाह्य वर काय हलते." ती ओढायची, वर मांडीतलं मांस थरथरायचं आणि पोरगी टाळ्या पिटायची. मग स्वतःच्या टाचेवरची दोरी चिमटीत धरून विचारायची, "आपल्यातही असंच हाय, अब्बा?" "असंच. झिल्ली सगळ्याइची एकच."

पुढे ती नागपूरला नर्सिंगला गेली. पहिल्याच महिन्यात फोन आला की मॅडमनी शरीररचनेच्या तासाला कातडीखालच्या पडद्यांबद्दल विचारलं आणि सगळ्या वर्गात तिला एकटीला आलं. मॅडम म्हणाल्या, कुठे शिकलीस? तर ही म्हणाली, घरी. ही गोष्ट अयूबभाऊंनी पुढचं वर्षभर गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितली की कॉलनीतल्या एका मास्तरांनी शेवटी हात जोडले.

आणि मग कुवेत आलं.

तिथल्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून निशातनं सांगितलं तेव्हा भाऊ म्हणाले, नाही. का नाही, ते धड सांगता येईना. परका देश, एकटी पोरगी, लोक काय म्हणतील, असलं काहीबाही बोलले. खरं कारण एवढंच होतं की ती लांब जाणार होती आणि त्यांना ते सोसणार नव्हतं. पण हे बापाच्या तोंडून निघतं का? त्याऐवजी त्यांनी अबोला धरला. दीड महिना. खातूनबी, म्हणजे निशातची अम्मी, दोघांच्या मध्ये निरोप पोहोचवून पोहोचवून थकली.

जायच्या दिवशी सकाळी निशात दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. ओढणी डोक्यावर घेऊन ती भाऊंसमोर उभी राहिली आणि मान झुकवली. घरातून निघताना मोठ्यांचा हात डोक्यावर घ्यायचा, ही रीत. परीक्षेला जाताना, नागपूरला जाताना, प्रत्येक वेळी भाऊंनी हात ठेवला होता. या वेळी त्यांनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि म्हणाले, "हात रक्ताचे हाय. जा, उशीर होईल."

हात रक्ताचे होते, हे खरंच. पण पाण्याची बादली पायाशी होती. निशातनं बादलीकडे एकदा बघितलं. मग ती गेली.

सहा वर्षं झाली त्याला.

मधे एकदा यायची ठरली होती, तर करोनाची साथ आली आणि विमानं बंद झाली. मग नोकरी बदलली, मग रजा मिळेना. फोन रोज यायचा, पण अम्मीच्या मोबाइलवर. खातूनबी मोबाइल समोर धरून बसे आणि भाऊ तिच्या मागे उगाच काहीतरी शोधत फिरत. निशातला पडद्यावर बापाचा खांदा दिसे, कधी पाठ दिसे. "अब्बा बरे हाय ना?" ती विचारायची. "हाय बरे, इथीच हाय, घे बोल," खातूनबी मोबाइल मागे वळवायची, तोवर भाऊ अंगणात. फोन बंद झाला की मात्र आत येत आणि विचारत, काय म्हणाली, खोकत काऊन होती, मागे भिंत कोणत्या रंगाची दिसली. लग्नाचं विचारलं का? "विचारलं. मंग तिले आवाज येत नाई म्हणते," खातूनबी सांगायची.

आठवण यायची त्यांना, साधीसुधी, रोजची. दुपारी बाराला दुकान धुऊन झालं की यायची. ईदला यायची. ईदला तर इतकी की ते नमाजहून येताना लांबच्या रस्त्यानं घरी येत, म्हणजे डोळे सुकायला वेळ मिळे. एखाद्या मांडीची झिल्ली मनासारखी निघाली की ती उजेडात धरून ते स्टुलाकडे वळत, आणि स्टुलावर कॉलनीतला कोणीतरी पेपर वाचत बसलेला असे.

दोन वर्षांपूर्वी उजव्या तळव्यात, करंगळीच्या शेजारच्या बोटाखाली एक गाठ आली. दुखत नव्हती. सुरी धरून घट्टा पडला असेल म्हणून भाऊंनी लक्ष दिलं नाही. मग त्या गाठीतून बोटाकडे कातडीखाली एक कडक दोरी उठली, आणि महिन्या-महिन्यानं ते बोट आत वळायला लागलं. मागोमाग करंगळी. मूठ मिटायला काही अडचण नव्हती, उघडायला होती. दोन बोटं तळव्याकडे वाकलेलीच राहायची, ओढली तरी येत नसत. झिल्ली एका ओढीत निघणं बंद झालं. गिऱ्हाइकं सभ्य होती, कोणी बोललं नाही.

बोकडं आणायला ते महिन्यातून दोनदा एटापल्लीकडे जात. तिथल्या एका गावातला वारलू हा त्यांचा जुना माणूस. जंगलात चरलेली, डोंगर चढून दमदार झालेली जनावरं तो भाऊंसाठी राखून ठेवी. वारलूची बायको सोमारी आसपासच्या गावांत हात-पाय मुरगळलेल्यांना चोळून देत असे. तिनं मोहाच्या बियांचं तेल लावून भाऊंचा तळवा बराच वेळ दाबला. वारलू बाजूला बसून बघत होता.

"नस आखडली का, बाई?" भाऊंनी विचारलं.

"हाड नाई, नस नाई," सोमारी म्हणाली. "आतलं कापड आखडलं, भाऊ. हे माह्याच्यानं नाई होत. दवाखान्यात दाखव."

वारलू हसून म्हणाला, "जन्मभर दुसऱ्याइची झिल्ली ओढली तुनं. आता तुही ओढून राह्यली." भाऊ हसले, तेलाचा हात पुसला, आणि दवाखान्यात गेले? छे! काम अडत नव्हतं तोवर अयूबभाऊ कुठले जातात. अंगठा आणि दोन बोटं शाबूत होती, तेवढ्यावर चाललं होतं. नमाजनंतर दुवा मागताना डावा हात उघडा आणि उजवा अर्धा मिटलेला, तेही चालवून घेतलं. अल्लाहले समजते, म्हणाले.

मग ऑक्टोबर संपता संपता खातूनबीनं स्वयंपाकघरातून हाक मारली. आवाज असा की भाऊ धावतच आले. "रजा मिळाली तिले! पाच डिसेंबरले येते, पंधरा दिवस!"

भाऊ दारातच उभे राहिले. त्यांनी आपला उजवा हात वर धरला आणि उघडून पाहिला. उघडला नाही.

रात्री जेवताना खातूनबीनं ओळखलं. इतक्या वर्षांचा संसार, नवऱ्याच्या गिळण्यावरून तिला मनातलं कळतं. "निशातचे अब्बा, डावा हात हाय ना तुमाले?"

"डाव्या हातानं दुवा देते का कोणी?"

"मंग उजवाच ठेवा, हाय तसा. पोरगी का बोटं मोजणार हाय?"

भाऊंनी मूठ तिच्यासमोर धरली. दोन बोटं आत, गाठी वर. "हे ठेवू तिच्या डोक्यावर? हे? ठोसा मारून राह्यलो असं वाटते. त्या दिवशी ठेवला नाई, अन् आता असा ठेवू?" त्यांनी मूठ ताटाशी टेकवली. "अल्लाहले सांगावं लागत नाई, खातून. पोरीले सांगावं लागते. अन् मले तोंडानं सांगता येत नाई. हातानंच येते."

खातूनबीनं त्यांच्या ताटात भाकरीचा तुकडा सरकवला. या माणसाशी हुज्जत घालून उपयोग नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं.

दोन दिवसांनी भाऊ एसटीनं चंद्रपूरला गेले. डॉक्टर दिव्या म्हणून तरुण बाई होत्या, हातांची ऑपरेशनं करणाऱ्या. त्यांनी भाऊंना टेबलावर तळवा टेकवायला सांगितला. टेकला नाही, मध्ये पोकळी राहिली.

"भाऊ, आता डावा हात घ्या. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून ओढा. सुटली ना? आता तळव्याची ओढा."

"नाई सुटत."

"का सुटत नाही, माहीत आहे? तळव्याखाली मनगटापासून बोटांपर्यंत पंख्यासारखा पसरलेला एक पडदा असतो. तो कातडीला आतून जागोजाग बांधून ठेवतो. तो नसता तर तुम्ही काही घट्ट धरलं की कातडी सैल मोज्यासारखी फिरली असती. तुमचा तोच पडदा जाड झालाय, आकसलाय. साखर असलेल्यांना होतो कधीकधी. नक्की का होतो, ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही."

"झिल्ली!" भाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे झिल्लीच ना, डॉक्टरबाई? अहो, पस्तीस वर्षं मी हेच काम करून राह्यलो!" आणि मग त्यांनी डॉक्टरबाईंना झिल्ली शिकवायला घेतली. बाईंनी शांतपणे ऐकलं. मध्येच त्या म्हणाल्या, "पण भाऊ, एक लक्षात ठेवा. या आजारात बोटाची संवेदना नेणारी नस आपली जागा सोडते, त्या दोरीला वेढा घालून बसते. म्हणून हे जपून करावं लागतं. आणि तुमची साखर वाढलेली आहे, ती आधी खाली आणायची. बावीस डिसेंबरची तारीख देते."

अयूबभाऊंनी यातलं एकच ऐकलं, बावीस. निशात एकोणीसला परत जाणार होती.

एसटीत खिडकीशी बसून ते तळवा उलटसुलट करत राहिले. गाडी भद्रावतीला पोहोचेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. झिल्ली आहे, आखडली आहे, आडवी तोडली की सुटेल. हे काम भद्रावतीत त्यांच्याइतकं कोणाला येतं? म्हणे बावीस तारीख!

मी तुम्हाला सांगतो, शहाणा माणूस वेडेपणा करतो ना, तो वेड्यापेक्षा जास्त नेटका करतो. त्या गुरुवारी खातूनबी निशातसाठी नवी रजई आणायला चंद्रपूरला गेली होती. भाऊंनी दुकान धुतलं, दार लोटून घेतलं, सगळ्यात लहान सुरी पाण्यात उकळली, तळव्यावर बर्फ धरला आणि बिस्मिल्ला म्हणून डाव्या हातात सुरी घेतली. दोरी कातडीखाली ताणलेली स्पष्ट दिसत होती. एकच घाव. टच्च असा आवाज त्यांनी स्वतः ऐकला, आणि महिनोन् महिने मिटलेलं बोट, दार उघडावं तसं, उघडलं. करंगळीही सैल झाली. त्याच क्षणी कोपरापर्यंत विजेचा झटका बसावा तसं काहीतरी गेलं. पण भाऊंचं तिकडे लक्षच नव्हतं. ते उघड्या हाताकडे बघत हसत होते, आणि रक्त मटण तोडायच्या ओंडक्यावर गळत होतं.

गावातल्या डॉक्टरांनी टाके घातले आणि तोंड सोडलं. घरी भाऊंनी सांगितलं, सुरी सुटली. खातूनबी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पस्तीस वर्षांत सुटली नाई, आजच बरी सुटली? तेही उजव्या हातातून उजव्याच हातावर?" मग तिनं तो हात मांडीवर घेतला आणि रडली. रडताना शिव्या देत होती. कोणाला, ते विचारायची भाऊंची हिंमत झाली नाही.

टाके निघाले, जखम भरली. बोटं जवळजवळ सरळ. भाऊ दिवसातून वीस वेळा हात भिंतीला टेकवून बघत. आणि असंच टेकवताना एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की भिंत गार आहे ते तीनच बोटांना कळतंय. त्या बोटाला आणि करंगळीला भिंत लागतच नव्हती. त्यांनी बोटांवर मीठ चोळलं, दातांनी चावून पाहिलं. काही नाही. दुसऱ्याचीच बोटं आपल्या हाताला लावून दिल्यासारखी.

डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या ते त्यांना तेव्हा आठवलं, शब्द न् शब्द. नस जागा सोडते. आणि आपण ते कानाआड का केलं, तेही कळलं. बोकडात नस कधी जागा सोडत नसे. पण बोकडं तरी कोणती कापली होती त्यांनी? घेताना दात बघायचे, डोळे बघायचे, चालवून बघायचं. कुर्बानीचं असो की रोजचं, दुखऱ्या जनावराला त्यांनी कधी हात लावला नाही, यावर तर त्यांची इज्जत उभी होती. पस्तीस वर्षं फक्त निरोगी झिल्ली पाहिलेल्या माणसाला आजारी झिल्ली कशी असते ते ठाऊकच नव्हतं. चांगुलपणानंच घात केला बिचाऱ्याचा.

त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पाच डिसेंबरला दुपारी नागपूरहून टॅक्सी आली. निशात उतरली. बारीक झाली होती, चष्मा लागला होता, केस आखूड. खातूनबीनं तिला असं कवटाळलं की टॅक्सीवाल्यानं तोंड फिरवलं. मग ती भाऊंसमोर आली. दोघंही एकमेकांच्या पायांकडे बघत होते. तिनं मान झुकवली, आणि अयूबभाऊंनी उजवा हात, पुरा उघडा, तिच्या डोक्यावर ठेवला.

अंगठ्याला तिच्या केसांची ऊब लागली. दोन बोटांना केस लागले, प्रवासाची धूळ लागली. पुढच्या दोन बोटांना काहीच लागलं नाही. जणू ती पोरीच्या डोक्यावर पोहोचलीच नाहीत, कुवेतच्या वाटेवर कुठेतरी राहिली. भाऊंना रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाचं आहे. ते आनंदाचंही होतं.

निशातला तळव्यावरचा व्रण दिसला. "हे काय?" "सुरी सुटली होती," भाऊ म्हणाले. सहा वर्षांनी मुलीशी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही खोटं.

पुढचे पाच दिवस घर कसं भरल्यासारखं होतं. बोलणं पुन्हा सुरू झालं, आधी चहा-साखरेचं, मग कुवेतच्या उन्हाचं. निशात दुकानातही येऊन बसली. पण भाऊंना सारखं वाटे, आपण तिला फसवलंय. ती जवळून गेली की त्यांचा हात उचलला जाई आणि पुन्हा खाली येई. चौदा दिवसांनी ती जाणार, मग तेरा, मग बारा. मोजायचं नाही म्हटलं तरी मोजलं जाई.

सहाव्या दिवशी भाऊंनी पाया, म्हणजे बोकडाच्या पायांचा रस्सा, केला. पहाटेपासून मंद आचेवर. ही निशातची लहानपणापासूनची आवड. पायात मांस असतं कुठे? सगळी दोरी, पडदे, कूर्चा, तेच विरघळून रस्सा ओठांना चिकटायला लागतो. दुपारी त्यांनी पातेलं चुलीवरून उतरवलं आणि तिच्यासमोर आणून धरलं. "पाह्य, कसा जमला."

निशातनं रस्स्याकडे बघितलंच नाही. "अब्बा! हात!"

भाऊंनी आधी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हाताकडे. फडकं सरकलं होतं. दोन बोटं तापल्या पातेल्याला चिकटून होती आणि कातडी पांढरी पडत होती.

तिनं पातेलं हिसकावून खाली ठेवलं, हात नळाखाली धरला. बराच वेळ पाणी सोडलं. मग पुसून, त्यांना खाटेवर बसवून म्हणाली, "डोळे मिटा. मी पिन टोचते, कुठं टोचली ते सांगा."

"अंगठा," भाऊ म्हणाले. "हे पहिलं. हे मधलं." मग गप्प. मग घाईनं म्हणाले, "हाव, हाव, टोचते. करंगळी."

"अब्बा, मी आता टोचतच नव्हते."

भाऊंनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी सगळं सांगितलं, बावीस तारीख, एसटी, बर्फ, सुरी. खातूनबी दारात उभी होती, तिनं पदर तोंडात कोंबला. निशात ऐकत होती. ऐकता ऐकता ती नर्स राहिली नाही, पोरगी झाली, आणि तिचा बांध फुटला.

"काऊन केलं? काऊन, अब्बा? मले काय उघडा हात पाह्यजे होता? मी मुठीखाली आले असते! तुमी नुसतं बोलावलं असतं तं मी मुठीखाली आले असते!"

"मले वाटलं..." भाऊंनी आता डोळे उघडले. "त्या दिवशी बादली पायाशी होती, निशात. हात धुता आले असते. सहा वर्षं मी हात धुऊन राह्यलो."

निशातनं ओढणीनं नाक पुसलं. फोन करून ती डॉक्टर दिव्यांशी बरंच बोलली. नस जोडून बघता येईल, म्हणाल्या त्या, पण संवेदना किती परत येईल, येईल की नाही, ते सांगता येत नाही. फोन ठेवून ती परत आली आणि खाटेपुढे जमिनीवर बसली, भाऊंच्या पायाशी.

"मी आले त्या दिवशी डोक्यावर हात ठेवला ना तुमी," भाऊंकडे न बघता ती म्हणाली, "मले तं पाचही बोटं लागली."

"मले तीनच लागली, बेटा. दोघाइले तू आलीस तेच समजलं नाई."

"मंग पुन्हा ठेवा," निशातनं मान झुकवली. "अन् या वेळी जरा जास्त वेळ ठेवा."

अयूबभाऊंनी हात ठेवला. खातूनबीनं पाया पुन्हा चुलीवर चढवला, कारण तो निवत होता आणि एवढ्यात कोणी उठेल असं काही दिसत नव्हतं.